१३ नंबरचा नकार

टर्मिनलमध्ये आज्ञा टाइप करून काम करणाऱ्यांना एक ओळ कधी ना कधी भेटतेच : ‘परमिशन डिनाइड’. ती दिसल्यावर काय करायचं, यावर सरळ दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, आज्ञेच्या आधी ‘सुडो’ लाव आणि कामाला लाग. दुसरा म्हणतो, आधी हात मागे घे. या दोन पक्षांना मी इथे समोरासमोर बसवलं आहे. भाची पुण्यात वेबसाइट बनवून देण्याचं काम करते. तिच्या लॅपटॉपवर उबुंटू आहे, आणि अधूनमधून तिला क्लायंटच्या मॅकवरही बसावं लागतं. मामा एका सहकारी बँकेच्या ईडीपी खात्यातून निवृत्त झाला आहे. दोघंही कल्पित, त्यांच्या तोंडी आलेले एरर मात्र खरे. आज्ञा मी उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टाइप करताना त्या अर्थातच रोमन लिपीतल्या छोट्या अक्षरांत करायच्या.

भाची : मामा, लॅपटॉप माझा, पैसे मी भरले, दुसरं कुणी त्याला हात लावत नाही. मग माझ्याच मशीनवर मलाच ‘परवानगी नाही’ म्हणणारा हा कोण?

मामा : कर्नल, ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. आणि तू कोण हे त्याला माहीतच नाही. त्याच्या लेखी तू १००० आहेस. उबुंटू टाकताना जे पहिलं खातं उघडतं त्याचा हा नंबर. रूटचा, म्हणजे सर्वाधिकारी खात्याचा, नंबर शून्य. ‘आयडी’ एवढं टाइप करून बघ.

भाची : म्हणजे पैसे भरायला १००० नंबरची बाई आणि मालक शून्य नंबरचे साहेब!

मामा : रागव हवं तर. पण तू चालवतेस तो प्रत्येक प्रोग्रॅम याच १००० नंबरने चालतो. ब्राउझर, एडिटर, कुठून तरी उतरवून घेतलेली स्क्रिप्ट, सगळं. कर्नल अडवतो ते तुझ्या नावावर चालणाऱ्या प्रोग्रॅमला. आज्ञा तुझ्या बोटांनी दिली की त्या स्क्रिप्टने, हे त्याला कळायचा मार्ग नाही.

भाची : तुमच्या बँकेत हे शोभायचं रे.

मामा : शोभायचंच. शाखेत एकच युनिक्स मशीन, काउंटरवरची सगळी टर्मिनलं त्यालाच जोडलेली. लेजरची फाइल क्लार्कने वाचायची, बदलायची अधिकाऱ्याने. मालक, ग्रुप आणि बाकीचे, हे तीन हिशेब तिथे दिवसभर कामाला यायचे.

भाची : माझ्याकडे ना क्लार्क, ना अधिकारी. आणि खरं सांग, माझ्या लॅपटॉपवर मौल्यवान काय आहे? क्लायंटची कामं, फोटो, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड. हे सगळं माझ्या होम फोल्डरमध्ये, माझ्याच नावावर. एखादी वाईट स्क्रिप्ट चालली तर ती हे सगळं उचलून नेईल, सुडोचा पासवर्ड न मागता. तुझ्या परवानग्या जपतात काय, तर ‘/यूएसआर’ आणि ‘/ईटीसी’. ते तर मी पेनड्राइव्हवरून एका संध्याकाळी पुन्हा टाकू शकते!

हा मुद्दा बिनतोड आहे. युनिक्सची परवानग्यांची पद्धत माणसाला माणसापासून वाचवायला झाली, १९७०च्या दशकात, जेव्हा एका यंत्रावर अनेकजण असत. आज एका माणसाच्या यंत्रावर अनेक प्रोग्रॅम असतात आणि धोका त्यांच्यापासून असतो. पण मामा बँकेतला माणूस. कबुली देताना व्याज लावल्याशिवाय सोडत नाही.

मामा : बरोबर आहे तुझं. पण मग क्लायंटच्या मॅकवरून परत आलीस तेव्हा एवढी का चिडली होतीस?

भाची : चिडू नको तर काय करू? डॉक्युमेंट्समधल्या फाइल्सची साधी यादी मागितली, तर ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’. सुडो लावलं, पासवर्ड दिला, तरी तेच. रूटलाही नाही म्हणतो म्हणजे काय!

मामा : म्हणजे तुला आत्ता हवं होतं तेच. होममधल्या कागदांना प्रोग्रॅमपासून संरक्षण. २०१५ मध्ये एल कॅपिटन आवृत्तीत ॲपलने सिस्टिमचे फोल्डर रूटलाही बंद केले. २०१९च्या कॅटालिनापासून डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्ससाठी प्रत्येक ॲपने वेगळी परवानगी घ्यायची असा नियम आला. टर्मिनल हेही एक ॲपच. पहिल्या वेळी खिडकी उघडून विचारलं गेलं असणार, कुणी तरी घाईत ‘डोन्ट अलाउ’ दाबलं असणार. त्यानंतर तो विचारत नाही, नुसता नाही म्हणतो. सेटिंग्जमधल्या प्रायव्हसीच्या पानावर ‘फाइल्स अँड फोल्डर्स’मध्ये टर्मिनलपुढचं बटण चालू करायचं. सुडोचा इथे काही संबंध नाही.

भाची : बरं. पण ते बटण चालू केलं की परवानगी टर्मिनलला मिळाली, म्हणजे टर्मिनलमधून चालणाऱ्या झाडून सगळ्या स्क्रिप्टना मिळाली. मग संरक्षण कुठे राहिलं?

मामा : तिथे ते पातळ होतं, हे खरं.

भाची : लिहून ठेव, मामाने मान्य केलं.

मामा : मॅकचं राहू दे, तिथे तू पाहुणी. तुझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर काय अडलंय ते दाखव.

भाची : एका ग्रंथालयाच्या जुन्या दिवाळी अंकांची सूची करतेय. साइट माझ्याच मशीनवर एनजिनएक्स या वेब सर्व्हरवर चालवून बघायची होती. ब्राउझरमध्ये ४०३. लॉगमध्ये ही ओळ : ‘१३ : परमिशन डिनाइड’. मग ‘सीएचमॉड ७७७’ केलं त्या फाइलवर. तरी १३. फोल्डरवर केलं. तरी १३.

मामा : ७७७ म्हणजे वाचणं, लिहिणं, चालवणं, सगळं सगळ्यांना. यापेक्षा जास्त देण्यासारखं तुझ्याकडे काही उरलेलंच नव्हतं. तरीही नकार आला. मग तुला शंका यायला नको?

भाची : आली ना. म्हणूनच तुझ्याकडे आले.

मामा : फाइलचा पूर्ण पत्ता वाच बघू.

भाची : ‘/होम’, मग माझं नाव, मग ‘साइट’, मग ‘इंडेक्स डॉट एचटीएमएल’.

मामा : आता ‘नेमआय -एल’ लिहून पुढे हा पत्ता दे. ‘एलएस -एल’ शेवटच्या फाइलचं सांगतं, हे पत्त्यातली प्रत्येक पायरी एकेका ओळीत सांगतं. तुझ्या नावाच्या फोल्डरपुढे काय दिसतं?

भाची : सुरुवातीला डी. मग आर, डब्ल्यू, एक्स. मग आर, रेघ, एक्स. मग तीन रेघा.

मामा : पहिली तिकडी तुझी, दुसरी तुझ्या ग्रुपची, तिसरी बाकीच्यांची. बाकीच्यांना तीन रेघा, म्हणजे काहीही नाही. एनजिनएक्स ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ या खात्यावर चालतो, म्हणजे तो बाकीच्यांत मोडतो. फोल्डरवरच्या एक्सचा अर्थ ‘यातून पुढे जाऊ देणे’. तो नसेल तर आतली फाइल कितीही उघडी ठेव. वाड्यातल्या माजघराचं कुलूप काढून ठेवलंस, पण दिंडीदरवाजाला आतून कडी आहे.

भाची : पण ही कडी मी घातली नव्हती. जुन्या लॅपटॉपवर हेच चालायचं!

मामा : चालायचं, कारण उबुंटूमध्ये होम फोल्डर आधी सगळ्यांना वाचायला खुला असे. २१.०४ आवृत्तीपासून नव्या खात्याचं होम ७५० करून मिळतं. बदल चांगला आहे. तुझ्या पासवर्डची तुला काळजी होती ना मघाशी?

भाची : दर वेळी माझाच मुद्दा माझ्यावर उलटवायचा नाही. उपाय सांग.

मामा : साइट होममध्ये ठेवायचीच नाही. ‘/एसआरव्ही’खाली फोल्डर कर, तो तुझ्या नावावर करून घे, साइट तिथे हलव. फोल्डरना ७५५, फाइलना ६४४. सुडो एकदाच लागेल, तो फोल्डर करून तुझ्या नावावर चढवताना.

भाची : बघ, लागला की नाही सुडो!

मामा : सुडो वाईट म्हणालो कधी मी? १९८०च्या सुमाराला बफेलोच्या विद्यापीठात बॉब कॉगशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी तो लिहिला, तो याचसाठी : रूटचा पासवर्ड सगळ्यांत न वाटता, ठरावीक माणसाला ठरावीक काम करू द्यायचं. उबुंटूने तर २००४ मधल्या पहिल्या आवृत्तीपासून रूटचं खातं बंदच ठेवलंय, सगळा कारभार सुडोवर. माझं म्हणणं एवढंच, की एरर आला म्हणून सुडो लावायचा नाही. हे काम रूटचंच आहे असं ठरलं, तर लावायचा.

भाची : फरक काय पडतो? काम तर होतंच.

मामा : काम होतं आणि मागे मालकी बदललेली राहते. तू एनपीएमने एखादं साधन सगळ्या मशीनसाठी टाकायला जातेस, ते ‘/यूएसआर’मध्ये लिहायला बघतं, १३ नंबरचा नकार येतो. तू सुडो लावतेस, साधन बसतं. पण त्या ओघात एनपीएमने काही फाइल्स तुझ्याच होममधल्या साठ्यात ठेवल्या असल्या, तर त्या रूटच्या नावावर. चार दिवसांनी साधी, सुडो नसलेली आज्ञा दिलीस की तुझ्याच घरात तुला नकार. मग तू पुन्हा सुडो लावतेस.

भाची : ...आणि मग प्रत्येक आज्ञेलाच लावावा लागतो. हो. हे झालंय माझं.

मामा : सगळ्यांचंच होतं. फेब्रुवारी २०१८ मध्ये एनपीएमच्या ५.७.० आवृत्तीत एक दोष निघाला. साध्या खात्यावरून सुडो लावून ती चालवली, की ‘/ईटीसी’, ‘/यूएसआर’, ‘/बूट’ अशा सिस्टिमच्या फोल्डरची मालकीच बदलून जायची. लगेच ५.७.१ काढावी लागली. दोष त्यांचा होता. पण ज्यांनी सुडो न लावता ती वापरली, त्यांच्या सिस्टिमला धक्काही लागला नाही.

भाची : मग करायचं काय? मला साधनं तर लागतातच.

मामा : एनपीएमला सांगायचं की माझ्या होममधल्या अमुक फोल्डरमध्ये टाक, आणि तो फोल्डर पाथमध्ये जोडायचा. नकार मिळाला तर हक्क वाढवण्याआधी जागा बदलून चालतं का ते बघ. बहुतेक वेळा चालतं.

(मामाचं हे वाक्य मला या सगळ्या भांडणात सर्वांत कामाचं वाटतं. सुडो आणि ७७७ या दोन्हींत आपण हक्क वाढवत असतो. फाइल चुकीच्या ठिकाणी ठेवली असेल ही शक्यता तपासतच नाही.)

भाची : बरं, हे बघ. ‘/ईटीसी/होस्ट्स’मध्ये एक ओळ वाढवायची होती. हे काम रूटचंच, बरोबर? म्हणून सुडो लावून ‘इको’ केलं आणि पुढे दोन बाणांनी त्या फाइलकडे वळवलं. तरीही नाही! सुडो लावूनही!

मामा : एररच्या ओळीतला पहिला शब्द कोणता होता?

भाची : ‘बॅश’.

मामा : सुडो नव्हता ना? तक्रार कोण करतोय ते पहिल्या शब्दात लिहिलेलं असतं, ते कुणी वाचत नाही. बाण हे बॅशचं काम. इको सुरू व्हायच्या आधीच बॅश ती फाइल उघडायला जातो, आणि बॅश चालतोय १००० नंबरने. सुडोने हक्क दिला तो बिचाऱ्या इकोला, ज्याला त्याची गरजच नव्हती. मधे नळी, म्हणजे पाइप, टाकून ‘सुडो टी -ए’ला दे. मग फाइल उघडणारा टी असतो आणि तो रूट असतो.

भाची : हे मात्र भारी आहे.

मामा : अजून एक. डिनाइड आणि नॉट परमिटेड हे दोन वेगळे एरर आहेत. डिनाइड म्हणजे १३ नंबर : बहुतेक वेळा पत्त्यातल्या कुठल्या तरी पायरीच्या परवानग्या आड येतात. नॉट परमिटेड म्हणजे १ नंबर : हे काम तुझ्या दर्जाच्या माणसाने करायचंच नाही, किंवा त्या फाइलवर वेगळं काही बंधन आहे. दुसऱ्याच्या फाइलवर सीएचमॉड करून बघ, १ येईल. लिनक्सवर ‘सीएचएटीटीआर’ने फाइल गोठवलेली असेल तर रूटलाही १ येतो. तिथे सीएचमॉड कितीही केलंस तरी व्यर्थ, ‘एलएसएटीटीआर’ने बघायचं.

भाची : आता माझी खरी तक्रार ऐक. एवढं सगळं तुला ठाऊक आहे कारण तुझी हयात यात गेली. पण कर्नलला तर नकार देताना माहीत असतंच ना, की कुठल्या पायरीवर एक्स नव्हता? मग तो तसं सांगत का नाही? १३ काय? मला माणसाच्या भाषेत एक ओळ हवी : तुझ्या होमवर बाकीच्यांना प्रवेश नाही. एवढी ओळ मिळाली असती तर मी ७७७ केलंच नसतं.

मामा : जुनी रीत आहे. कर्नल प्रोग्रॅमला एक आकडा देतो, त्याचं वाक्य प्रोग्रॅम करतो. आणि ज्याला प्रवेश नाही त्याला आत काय आहे हे तरी का सांगावं?

भाची : माझ्याच लॅपटॉपवर मला? गुपित कुणापासून? आणि नीट सांगता येत नाही असं नाही. पिपने मागे मला अडवलं, तो नकार बघ. डेबियन १२ आली २०२३ मध्ये, तेव्हापासून सिस्टिमच्या पायथनमध्ये पिपने काही टाकायला गेलं की तो थांबवतो, कारण सांगतो, आणि व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट कसं करायचं तेही तिथेच लिहितो. तरीही हट्ट धरायचा असेल तर जो पर्याय टाइप करावा लागतो त्याचं नावच ‘ब्रेक सिस्टिम पॅकेजेस’. ते टाइप करताना माझा हात थांबला. तुझ्या १३ नंबरने कधी कुणाचा हात थांबवलाय?

मामा : ते पिपने स्वतः लिहिलेलं वाक्य आहे, कर्नलचं नाही.

भाची : मी कुणाचं म्हणून बघत नाही, मी वाचते. दुसरं उदाहरण. व्हिडिओ कापायचं एक साधन स्नॅपमधून घेतलं. बाहेरच्या हार्ड डिस्कवरची फाइल दिली तर डिनाइड. तुझ्या पद्धतीने सगळं तपासलं, नेमआयसुद्धा. सगळीकडे आर, सगळीकडे एक्स, मालक मी. सुडोनेही नाही. आता कुठल्या तिकडीत शोधू?

मामा : कुठल्याच नाही. ते ॲपआर्मर, प्रत्येक प्रोग्रॅमला वेगळं कुंपण घालणारं. स्नॅपमधल्या प्रोग्रॅमला बाहेरच्या डिस्कवर जायचा हक्क बहुधा आपोआप नसतो, तो ‘स्नॅप कनेक्ट’ने ‘रिमूव्हेबल-मीडिया’ जोडून द्यावा लागतो. नकाराची नोंद कर्नलच्या लॉगमध्ये सापडते, ‘ॲपआर्मर’ आणि ‘डिनाइड’ हे दोन शब्द एकाच ओळीत असतात.

भाची : म्हणजे पूर्ण कारण त्याने लिहून ठेवलं होतं! प्रोग्रॅमचं नाव, फाइलचं नाव, सगळं. फक्त मला न दाखवता, दुसऱ्या कपाटात.

मामा : ...हो.

भाची : मग ‘एरर नीट वाच’ हा उपदेश मला देण्याआधी एरर लिहिणाऱ्यांना दे.

इथे मामाकडे उत्तर नाही, आणि माझ्याकडेही नाही. सुडो आणि ७७७बद्दल मामाचं म्हणणं मला पूर्ण पटतं. विशेषतः ७७७बद्दल, कारण ते फोल्डरखालच्या सगळ्याला लावलं की ज्या गोष्टी मुद्दाम कडक असतात त्या कामच सोडतात. एसएसएचची खासगी किल्ली सगळ्यांना वाचता येऊ लागली तर एसएसएच तिला हात लावत नाही. आणि हा प्रयोग चुकून ‘/यूएसआर’वर झाला तर सुडोच्या फाइलवरचा सेटयूआयडी बिट उडतो. साध्या माणसाने चालवलेला प्रोग्रॅम मालकाच्या हक्काने चालतो तो या बिटामुळे. ही युक्ती बेल लॅब्जच्या डेनिस रिची यांची, तिला १९७९ मध्ये अमेरिकेत पेटंटही मिळालं. तो बिट गेला की सुडो चालत नाही, आणि बिट परत लावायला सुडोच लागतो. मग रिकव्हरी मोडमध्ये जाण्यावाचून गत्यंतर नाही.

पण सामान्य माणूस ७७७कडे वळतो तो आळसाने नव्हे. त्याला मिळालेल्या उत्तरात पुढे जायची वाटच नसते, आणि ७७७ ही कुणीतरी सांगितलेली एकुलती एक वाट असते. त्याबाबत निकाल मामाच्या विरुद्ध, भाचीच्या बाजूने जातो. एक बारीकसा चमत्कारही तिच्याच बाजूने नोंदवतो : कर्नल तिकड्या क्रमाने बघतो आणि जी पहिली लागू पडते तिथेच थांबतो. फाइलची मालक तुम्ही, मालकाच्या तिकडीत तीन रेघा आणि बाकीच्यांना वाचायची मुभा असेल, तर अख्ख्या मशीनवरची खाती ती फाइल वाचू शकतात. मालकाला मात्र डिनाइड. आणि हाच मालक आपल्या फोल्डरमधली रूटची फाइल, जिच्यात त्याला एक अक्षर बदलता येत नाही, ती पुसून मात्र टाकू शकतो, कारण पुसण्याचा हक्क फोल्डरवरच्या डब्ल्यूवर ठरतो. हे नियम तर्कशुद्ध आहेत. पण ते नुसत्या १३ या आकड्यावरून कुणाला उमगतील, ही अपेक्षा तर्कशुद्ध नाही.

वाचकहो, तुमच्या लॅपटॉपवरही जुन्या झटापटींतले ७७७ पडून असतील. उबुंटू किंवा दुसरं लिनक्स असेल तर होममध्ये ‘फाइंड’ चालवा, त्याला ‘-टाइप एफ’ आणि ‘-पर्म ०७७७’ हे दोन पर्याय द्या, आणि जे सापडेल ते ६४४वर आणा. चालवायची स्क्रिप्ट असेल तर ७५५वर, एसएसएचच्या किल्ल्या ६००वर. ‘-टाइप एफ’ विसरू नका, नाहीतर यादीत सिम्लिंकही येतील. लिनक्सवर सिम्लिंकपुढे कायम ७७७च दिसतं आणि त्या आकड्याला काही अर्थ नसतो.